हिरव्या ट्रेलरचा दांडा

किंग बेट,
६ एप्रिल १९८६

प्रिय बाबा,

ट्रेलर पोचला. बोटीवरून क्रेननं उतरवला तेव्हा धक्क्यावर निम्मं गाव जमलं होतं, कारण त्या दिवशी दुसरं बघण्यासारखं काही नव्हतं. हिरवागार रंग आणि बाजूला पांढऱ्या अक्षरांत माझं नाव. एक म्हातारा म्हणाला, "मॉर्वेना? मला वाटलं, बोटीतून आणखी एक बोट उतरतेय." ईवन माझ्या कानात पुटपुटला, "तुझ्या वडिलांनी लग्नात आहेर दिला नाही म्हणून मी गप्प होतो. आत्ता कळलं, ते बांधत होते."

तुम्ही अजून आमचं बेट पाहिलं नाहीत, म्हणून सांगते त्याला काय काम लावलंय. वादळ झालं की समुद्र किनाऱ्यावर शेवाळ फेकतो. तळ्यातल्यासारखं नाही, चामड्याच्या पट्ट्यांसारखं जाड आणि माणसापेक्षा लांब. ते ओलं असतानाच ट्रेलरवर ओढून घ्यायचं, ट्रॅक्टरनं वर आणायचं, वाळत घालायचं आणि कारखान्याला द्यायचं. गुरं सांभाळून आम्ही दोघं हेच करतो. आधीचा ट्रेलर लाकडी होता आणि ईवनच्या आजोबांसारखाच बसला की उठत नसे. तुमचा नुसता पळतो.

एक विचारू? तुमचं अक्षर एवढं मोठं का झालंय? आधी मुंग्या चालल्यासारखं होतं, आता बैल चाललेत. आणि ओळी टेकडी चढतात. मी लहान आहे असं अजून वाटतं का तुम्हाला?

तुमची,
वेना

*

ब्रोकन हिल,
२४ एप्रिल १९८६

लाडके वेना,

अक्षर मोठं झालंय कारण पेन नवं आहे. जाड निबाचं. दुकानदारानं गळ्यात मारलं. ओळींचं म्हणशील तर टेबलाचा पाय आखूड झालाय.

ट्रेलर आवडला हे वाचून बरं वाटलं. खाणीतून निवृत्त झाल्यावर हाताला काहीतरी हवं होतं. तुझी आई असती तर म्हणाली असती, पोरीला चादरी द्याव्यात, हा लोखंड देतोय. रंगाचे तीन हात दिलेत. चाकांच्या बेअरिंगला ग्रीस घालत जा. बाकी त्याला काही होणार नाही. आपल्या अंगणात पडलेला खिळासुद्धा माझ्या नातवंडांना कोराच सापडेल. माझे वडील म्हणायचे ते लक्षात ठेव: लोखंड गंजत नसतं, आळशी माणूस ते गंजू देतो.

जावईबापूंना सांग, आहेर बांधायला वेळ लागला कारण जावई कसा निघतो ते आधी बघायचं होतं.

रविवारी मटण-बटाटा भरून पेस्टी भाजल्या. दोन जळल्या.

तुझा,
बाबा

*

किंग बेट,
१५ जून १९८६

प्रिय बाबा,

जून लागला तसा हिवाळा सुरू झालाय, वादळावर वादळ येतंय आणि किनारा शेवाळानं भरून गेलाय. आम्ही सकाळपासून अंधार पडेपर्यंत तिथंच असतो. ट्रेलर अगदी नव्यासारखा आहे. हिरवा रंग कसा चमकतो म्हणून सांगू.

एक विचारायचं होतं. आमच्या शेजारी एक जण आहेत. त्यांनीही घरीच ट्रेलर बांधलाय, साधारण आपल्यासारखाच. त्याला म्हणे गंज लागलाय. कडांना रंगाखाली फोड येतात, दाबले की तपकिरी पाणी निघतं. ते बिचारे सारखे रंग लावत असतात, पण आठवड्यात पुन्हा तेच. आळशी नाहीत हो ते, चांगले कष्टाळू आहेत. त्यांनी काय करावं? मी म्हटलं, माझ्या बाबांना विचारते.

सहज विचारलं हं. घाई नाही.

तुमची,
वेना

*

किंग बेट,
१७ जून १९८६

श्री. ट्रेव्हॉरो यांस,

मला पत्र लिहायची सवय नाही, तेव्हा सरळच सांगतो. तुम्ही दिलेला ट्रेलर गंजतोय. आमच्याकडे वाराच खारट आहे, त्यात ते ओलं शेवाळ. वेना पहाटे माझ्याआधी उठते आणि हिरव्या रंगाचा डबा घेऊन फोडांवर रंग लावत बसते. तिला वाटतं मी झोपलोय. न्याहारीला येते तेव्हा कानाला हिरवा रंग लागलेला असतो. मी तिच्यापुढं चहा सरकवतो.

तुमच्या पत्रातलं आळशी माणसाचं वाक्य तिला लागलंय, म्हणून ती तुम्हाला कळवणार नाही. काय करायचं ते कृपा करून सांगा. आणि मी लिहिलं हे तिला कळू देऊ नका.

आपला,
ईवन मॅकास्किल

*

ब्रोकन हिल,
२ जुलै १९८६

लाडके वेना,

तुझ्या शेजाऱ्यांचा ट्रेलर माझ्या मनातून जात नाही. त्यांना माझा निरोप दे.

पहिलं म्हणजे, ते आळशी आहेत असं मी मुळीच म्हणत नाही. माझ्या वडिलांनी ते वाक्य वाळवंटात बसून काढलं होतं. त्यांनी आयुष्यात खारं पाणी पाहिलं ते फक्त बटाटे उकडताना.

दुसरं, गंजावर रंग लावणं म्हणजे गळवावर पावडर लावणं. आधी गोड्या पाण्यानं धुवायचं, खालूनसुद्धा, आणि हे दर खेपेला. मग तारेच्या ब्रशनं घासायचं. लोखंड पांढरं दिसेपर्यंत थांबायचं नाही. त्यावर जस्ताचा प्राइमर आणि त्यावर रंग. सांध्यांत आणि बोल्टांवर मेंढीच्या लोकरीतून निघते ती चरबी चोळायची. ती पाण्याला आत येऊ देत नाही.

पण सगळ्यात महत्त्वाचं वेगळंच आहे. वरून दिसतो तो गंज नुसता निरोप्या. मालक आत बसलेला असतो. त्यांचा ट्रेलर आपल्यासारखाच असेल तर सांगाडा आणि पुढचा, ट्रॅक्टरला अडकवायचा दांडा चौकोनी पोकळ पाइपचा असणार. बोल्टांच्या भोकांतून खारं पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट नसते. जो पाणी पितो त्याला सोडायलाही जागा लागते. तेव्हा प्रत्येक पाइपला सगळ्यात खालच्या जागी भोक पाडा, आतलं पाणी काढा, वाळवा, माशाचं तेल ओता. आणि हे होईपर्यंत त्या ट्रेलरवर ओझं घालू नका म्हणावं. हे शेजाऱ्यांना आजच सांग. जावईबापूंनाही सांग, म्हणजे तेही शेजाऱ्यांवर लक्ष ठेवतील.

कानाचा रंग रॉकेलनं निघतो.

तुझा,
बाबा

*

किंग बेट,
११ जुलै १९८६

प्रिय बाबा,

तुमचं पत्र काल आलं. वादळामुळे विमान येत नव्हतं. एक दिवस आधी आलं असतं तर.

घाबरू नका, सगळे जिवंत आहोत. परवा आम्ही किनाऱ्यावरून वर येत होतो. ट्रॅक्टर मी चालवत होते, ट्रेलर भरलेला होता आणि ईवन मागून चालत येत होता. चढावर एकदम ट्रॅक्टर हलका झाला आणि पुढं उडी मारल्यासारखा सुटला. मी वळून पाहिलं तर दांडा तुटला होता. ट्रेलर मागच्या मागे घरंगळत खाली चालला होता. ईवन बाजूला झाला, पण खडकावर पाय घसरला. चाक त्याच्या पायावर येऊन खडकाला टेकलं.

तो ओरडला नाही. म्हणाला, "वेना, भरती येतेय, घाई कर." ते वाक्य इतक्या शांतपणे म्हणाला की मला जास्त भीती वाटली. ट्रॅक्टरनं ट्रेलर ओढायला गेले असते तर चाक पायावरून गेलं असतं. म्हणून मी वर चढले आणि हातांनी शेवाळ खाली फेकायला लागले. ते किती निसरडं असतं ते तुम्हाला कसं सांगू. दोनदा पडले. पाणी त्याच्या कमरेपर्यंत आलं तेव्हा कुठं ट्रेलर रिकामा झाला. मग जॅक लावून चाक उचललं आणि त्याला काखेत धरून ओढलं. गुडघ्याखाली पाय मोडलाय. डॉक्टर म्हणतात, नीट जुळेल, पण प्लास्टर बरेच दिवस राहील.

शेजारी कुणी नाही, बाबा. तुम्हाला ते कळलेलंच होतं, हे पत्राची शेवटची ओळ वाचून समजलं. ईवननं कळवलं ना? त्याला विचारलं तर प्लास्टरकडे बघत बसतो.

सगळे म्हणतात ट्रेलर भंगारात घाला. मी ऐकत नाही. तुम्ही या. तुमचं वेल्डिंगचं सामान घेऊन या आणि हा नीट करा. नाहीतरी मला तुम्हाला बघायचंय. येताय ना?

तुमची,
वेना

*

ब्रोकन हिल,
२१ जुलै १९८६

लाडके वेना,

तू धीराची आहेस. तुझी आई अशीच होती.

मला येता येणार नाही. कबुतरं अंड्यांवर बसलीत, चर्चच्या गाण्याच्या मंडळात माझ्याशिवाय खालचा सूर लावणारा कुणी नाही आणि घराचं छपरही बघायचंय. ट्रेलर भंगारात घाला. लोक सांगतात ते बरोबर आहे. मी नवा घ्यायला मदत करीन.

ईवनला जप.

बाबा

*

किंग बेट,
२८ जुलै १९८६

बाबा,

मी खोटं बोलले म्हणून तुम्ही रागावलात. ते मला समजतं. पण रागावलो म्हणून सांगायचं होतं, कबुतरांच्या आड लपायचं नव्हतं. तुमचा सूर कसा लागतो ते मला माहीत आहे. तुम्ही गेला नाहीत तर मंडळ मेणबत्त्या लावून आभार मानेल.

ट्रेलर मी भंगारात घालणार नाही.

वेना

*

ब्रोकन हिल,
५ ऑगस्ट १९८६

प्रिय ईवन,

हे पत्र तुझ्या एकट्यासाठी आहे. तू मला एक गुपित सांगितलंस, आता माझं एक ठेव.

मला दिसत नाही. साफ आंधळा झालो असं नाही. मधलं गेलंय. ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होतं आणि त्याच्या कडा राहतात. पोरीच्या फोटोकडे पाहिलं तर फ्रेम दिसते. पत्र वाचायला भिंग घेऊन तिरकं बसावं लागतं, एकेक पत्र अर्धी दुपार खातं. डॉक्टर म्हणतात, याला औषध नाही. वेनाला सांगितलं तर ती तिथलं सगळं टाकून इथं येऊन बसेल. तिचं नुकतं लग्न झालंय.

ट्रेलर बांधायला घेतला तेव्हा हे सुरू झालं होतं. दांडा सगळ्यात शेवटी जोडला. तेव्हा ठिणगीच्या जागी मला काळा ठिपका दिसायचा. हाताच्या सवयीवर वेल्डिंग केलं. वाटलं, इतकी वर्षं केलंय, हात चुकायचा नाही. आता तुझा पाय मोडल्यापासून एकच विचार आहे. दांडा कुठं तुटला? जोडावर तुटला असेल तर तुझा पाय मी मोडला, समुद्रानं नाही.

तू जाऊन बघ आणि मला खरं सांग. गोड करून सांगू नकोस. आणि 'श्री. ट्रेव्हॉरो' म्हणणं बंद कर, त्यानं मला बँकेतून पत्र आल्यासारखं वाटतं.

विल्फ ट्रेव्हॉरो

*

किंग बेट,
१६ ऑगस्ट १९८६

प्रिय बाबा,

हे पत्र टपालानं आलेलं नाही. ते घेऊन जी दारात उभी आहे, तिला आधी आत घ्या.

तुमचं गुपित राखायचा मी प्रयत्न केला. वेना गुरांकडे गेल्यावर कुबड्या घेऊन गोठ्यात गेलो आणि कसाबसा ट्रेलरखाली शिरलो. शिरलो तो अडकलोच. प्लास्टर काही केल्या वळेना. ती परत आली तेव्हा माझे दोन पाय बाहेर होते. म्हणाली, "काय शोधतोयस?" मला खोटं बोलता येत नाही आणि पाठीवर पडून तर अजिबात जमत नाही. तिनं तुमचं पत्र वाचलं, मला ओढून बाहेर काढलं, उरलेलं शेवाळ वाळत घातलं आणि मग बॅग भरायला घेतली.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. दांडा जोडावर तुटलेला नाही. जोडापासून चांगला वीतभर पुढं तुटलाय. तिथला पाइप आतून इतका खाल्ला गेलाय की मी अंगठ्यानं दाबला तर बिस्किटासारखा मोडला. आत ओली वाळू ठासून भरली होती. तुमचा जोड जसाच्या तसा आहे. मी त्यावर मोठ्या हातोडीनं घाव घालून पाहिले, वेनानंही घातले, आणि ती तेव्हा बरीच रागात होती. लोखंड फाटलं, पण जोडानं आपल्याकडचा तुकडा सोडला नाही. तिनं तो कापून तुमच्यासाठी आणलाय. बोटं फिरवून बघा.

जोडावर तुटला असता तर तेही सांगितलं असतं. तुम्ही विचारलं होतं म्हणून.

तुम्ही वाळवंटातले, तुम्हाला समुद्र काय ठाऊक? मी इथं जन्मलो. पाइपला भोक पाडायचं मला सुचायला हवं होतं. तेव्हा माझा पाय माझ्याच हिशेबात धरा.

तुमचा,
ईवन

*

ब्रोकन हिल,
२३ ऑगस्ट १९८६

प्रिय ईवन,

मी सुखरूप पोचले. पाय टेकवून चालू नकोस. फ्रिजमध्ये मटणाची हंडी आहे, ती कुत्र्याला नाही, तुला आहे.

फाटकाचा आवाज झाला तसे बाबा ओसरीवर आले आणि माझ्या खांद्याच्या जरा डावीकडे बघत म्हणाले, "कोण?" मी बॅग खाली ठेवेपर्यंत तेच म्हणाले, "वेना, त्या जावयाच्या पोटात काही राहत नाही."

तुझं पत्र मी वाचून दाखवलं. जोडाचा भाग आला तेव्हा म्हणाले, "पुन्हा वाच." पुन्हा वाचला. मग मी तो तुकडा त्यांच्या हातात दिला. वेल्डिंगवरून अंगठा पुढं नेला, मागं आणला. बराच वेळ. मग ते उठले आणि चहा टाकायला गेले, आणि किटली भरून वाहिली तरी नळ चालूच होता. मी जाऊन बंद केला. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "पोरी, मी महिनाभर त्या पोराचा पाय माझ्या उशाशी घेऊन झोपतोय."

मी खूप चिडून आले होते. वाटेत काय काय बोलायचं ते ठरवलं होतं. त्यातलं एकही बोलले नाही.

घर तसं नीट आहे. डबे भिंतीला ओळीनं लावलेत, मीठ-साखर बोटांनी ओळखतात. कबुतरं खरंच अंड्यांवर बसलीत. पण त्यांच्या हातांवर चुलीनं भाजल्याच्या खुणा आहेत, आणि पेस्टी का जळतात ते मला कळलं.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "चल, शेडमध्ये. तुझ्या ट्रेलरला दांडा हवा ना?" मी म्हटलं, "तुम्ही कसा करणार?" म्हणाले, "मी नाही. तू." लहानपणी मी त्यांच्या मागे मागे फिरायची, पण वेल्डिंगची कांडी कधी हातात दिली नव्हती. आता मला मुखवटा चढवला आणि स्वतः पाठ करून उभे राहिले. मी वेल्डिंग करायचं आणि त्यांनी ऐकायचं. "फटफटतंय, लांब गेलीस. जवळ ये. हां, आता तव्यावर अंडं तळल्यासारखं येतंय, तिथंच राहा." पहिले जोड इतके वाईट झाले की त्यांनी बोट फिरवून विचारलं, "हे काय, कबुतर बसून गेलं का?" मी रडले नाही. हसलेही नाही. पुन्हा केलं.

ह्या वेळी पोकळ पाइप नाही. तीन बाजूंचा, चौथीकडून उघडा लोखंडी चॅनल घेतलाय, पाणी थांबायला जागाच नाही. ट्रेलरला बोल्टनं बसेल. बेटावर परत येताना वाटेत मेलबर्नला वितळलेल्या जस्तात बुडवून घ्यायचा, म्हणजे आत-बाहेर जस्ताची कातडी चढेल.

त्यांना आपल्याकडे चला म्हटलं. म्हणाले, "लोखंड तिथं टिकत नाही, मी काय टिकणार?" मी म्हटलं, "तुम्हाला रोज धुवीन आणि चरबी चोळीन." संध्याकाळी कबुतरं शेजारच्या बाईंना दाखवत होते, कोणतं काय खातं ते सांगत होते.

तुझी,
वेना

*

ब्रोकन हिल,
७ सप्टेंबर १९८६

प्रिय ईवन,

अक्षर वेनाचं आहे, शब्द माझे. हाताखाली चांगला कारकून मिळाला की माणसाला लांब पत्रं सुचतात.

दांडा तयार आहे. तुझ्या बायकोनं सात वेळा केला आणि मी सहा वेळा कापायला लावला. सातवा मी केला असता तर असाच झाला असता. (बाबा असं म्हणाले नाहीत, ते "चालेल" म्हणाले. पण मला अर्थ कळतो. वेना.) तोल जाऊन परत पडू नकोस, आम्ही येईपर्यंत एवढंच कर: ट्रेलरच्या सांगाड्याला खालून भोकं पाडून ठेव. बाकी कशाला हात लावू नकोस. रंग तर अजिबात नाही. मला आधी सगळीकडे हात फिरवून बघायचंय, कुठं खाल्लंय आणि कुठं शाबूत आहे. बोटांना ते डोळ्यांपेक्षा बरं कळतं, हे मला आता समजायला लागलंय.

मी उन्हाळा संपेपर्यंत राहीन. पुढचं पुढं. पाहुणा म्हणून येतोय, तेव्हा मला खुर्चीत बसवून ठेवायचं असेल तर आत्ताच सांग, मी येत नाही. शेवाळ वाळत घालायला डोळे लागत नाहीत असं वेना म्हणते. बघू.

कुबड्या कोपऱ्यात टाकून चालतोस असं ऐकलं. तुझी बातमी फुटते कशी याचा विचार कर.

तुझा,
विल्फ

ता. क. हे मी माझ्या मनानं लिहितेय, त्यांनी सांगितलेलं नाही. मागच्या अंगणाकडची खोली रिकामी कर. पलंग उन्हात टाक. खोलीपासून गोठ्यापर्यंत दोरी बांध, म्हणजे त्यांना कुणाचा हात धरावा लागणार नाही. उन्हाळ्याचं काही खरं नाही, मी त्यांचं एकेरी तिकीट काढलंय. परतीचं काढायचं विसरले असं सांगीन, आणि मग इथली थंडी, तिथली गुरं असं करत करत त्यांनाच वाटेल की राहायचं त्यांनीच ठरवलं. तू तोंड उघडू नकोस. ह्या वेळी तरी. वेना.

(खाली, जाड निबानं, टेकडी चढणाऱ्या ओळीत:)

ईवन, माझं सांगून झालं तरी हिचं पेन बराच वेळ चालू होतं. काय लिहिलं असेल त्याचा अंदाज आहे. तिकिटाच्या खिडकीशी ही फार हळू बोलली, पण माझे डोळे गेलेत, कान नाही. तिला काही सांगू नकोस. एकेरी चालेल.